साडेसहाशे वॅट

वहीच्या मागच्या पानावर त्याने यादी लिहिलीय.
अक्षर मराठीच्या पेपरापेक्षा चांगलं.
रॅम सोळा, एसएसडी एक टीबी,
ग्राफिक कार्डाखाली दोन रेघा
आणि शेजारी, खास माझ्यासाठी: हे महत्त्वाचं.

माझ्या पर्समध्ये भिशीचे चाळीस,
बोनसचे अठरा,
आणि याच्या पप्पांनी न मोजता दिलेले काही.
ते म्हणाले, कुणी विचारलं तर
अभ्यासाला घेतोय म्हणून सांग.
कुणी विचारलं नाही अजून, तरी मी
पवननगरच्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगून बसलेय.

एम.जी. रोडवर पारखांच्या दुकानात
काचेमागे डबे उभे. पोटात पंखे,
पंख्यांत लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई.
"ताई, हा बघा, मुलं यालाच भुलतात."
ताई बघते. यज्ञेश बघत नाही.
तो काउंटरवरच्या पोराशी बोलतोय,
सोळाव्या वर्षाची ती ताठ मान करून,
अशा भाषेत, जिच्यात मला
फक्त हो आणि नाही कळतं.
एफपीएस. बॉटलनेक. थ्रॉटल.
मी खुर्चीच्या काठावर. चहा निवतोय.
बँकेत, शाळेत, दवाखान्यात
अशीच बसते मी, सही करायची वेळ येईपर्यंत.

मग आकडा आला. बहात्तर हजार चारशे.
यज्ञेशने यादीची घडी घातली,
पुन्हा उघडली, पुन्हा घातली.
पारख म्हणाले, असं करू,
पॉवर सप्लाय साधा टाकू.
आतली वस्तू आहे, दिसते कुणाला?

एकोणीस वर्षं
मी न दिसणारंच करते आहे.
अंबडला, दोन नंबरच्या शेडमध्ये,
ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग.
तारेला तार, वेढ्याला वेढा.
चुकला तर कुठल्याशा गावात
कुणाच्या तरी घरी
आधी वास येतो, मग धूर.

द्या बरं इकडे, म्हटलं.
तळहातावर घेतला.
लाह्यांचं पाकीट जसं.
साडेसहाशे वॅट लिहिलंय खरं,
पण यात तांबं कुठंय?
कार्ड भर खेळात किती ओढतं?
सिडकोत संध्याकाळी व्होल्टेज एकशे ऐंशीवर उतरतं,
तेव्हा हा काय करणार?

पारखांनी चष्मा काढला.
काउंटरवरचं पोरगं आत गेलं,
येताना दोन्ही हातांनी धरून एक आणला.
हा घ्या, म्हटलं.

मग बाकीचं भराभर झालं.
दिवेवाला डबा परत काचेमागे,
काळा पत्र्याचा पुढे.
कीबोर्ड पुढच्या पगारावर.
कार्ड एक पायरी खाली; तिथे यज्ञेशने
डोळे मिटून हो म्हटलं, इंजेक्शन घेताना मिटायचा तसे.
"आणि लायटिंग?" मी विचारलं.
"लायटिंगने एफपीएस वाढत नाही, मम्मी."
हे वाक्य मला पूर्ण कळलं.

रिक्षात खोका आमच्या दोघांच्या मांडीवर.
मुंबई नाक्याला तुंबलो तेव्हा त्याने विचारलं,
"वेढे मोजतेस कसे?"
मशीन मोजतं.
"आणि मशीन चुकलं तर?"
बोटाला कळतं.
"किती चुकले की कळतं?"
तीन-चार.
त्रिमूर्ती चौकापर्यंत तो
माझ्या बोटांकडे बघत होता की बाहेर, सांगता येत नाही.

आता रात्रीचा एक. दार लोटलेलं.
तो कुणाला तरी ओरडतोय, "मागे बघ, मागे!"
ओझरचा कुणी पोरगा आहे म्हणे, मी पाहिलेला नाही.
माझी पहिली पाळी, सहा चाळीसची बस.
लाइटबिलाचं, दहावीचं, सगळ्याचं
नंतर बघू.

पहाटे तो पालथा झोपलेला,
हेडफोन गळ्यातच.
डब्याच्या पाठीला हात लावला. कोमट.
घरघर नव्हती, वास नव्हता.
तपासलेल्या मालाला आम्ही
टिकलीएवढा हिरवा ठिपका लावतो.
ॲप्रनच्या खिशात एक चिकटून राहिला होता.